सूर्याचा क्षोभ आणि कुलाब्याचे दप्तर

आपल्या बुलढाण्याच्या काळ्या कातळाने थिजताना पृथ्वीचे जे चुंबकत्व धारण केले, त्याची खूण कोट्यवधी वर्षे टिकली. वातावरणापलीकडचे चुंबकत्व मात्र सूर्याच्या क्षोभाने काही तासांत विस्कटते.

सौर डागांभोवतीच्या, दोरासारख्या पिळलेल्या चुंबकीय रेषा ताणाच्या पराकोटीस पोचून तुटतात व नव्याने जुळतात, तेव्हा उसळलेल्या ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येथे पोचतो. परंतु त्याच क्षोभात प्रभामंडलातून अनेकदा फेकला जाणारा विद्युत्भारित वायूचा प्रचंड मेघ आपले चुंबकत्व सोबत घेऊन बहुधा एक ते तीन दिवसांनी येतो, आणि ते दक्षिणाभिमुख असले, तर पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जुळून आत ऊर्जेला वाट करून देते. खरी मेख दिशेतच आहे!

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने अशी ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले, आणि एरवी तासातासाला नोंद करणाऱ्या निरीक्षकांनी त्या धामधुमीत पाच-पाच मिनिटांनी डोळ्यांनी वाचलेले आकडे दप्तरी दाखल केले. जगाला त्या चुंबकीय वादळाचे मोजमाप मुख्यतः याच दप्तरातून मिळाले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईतील वेध दूषित होणार हे ओळखून, वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागेस, अचुंबकीय पोरबंदरी दगडाच्या इमारतीत हलवले गेले. १९०४ पासून तेथे नोंदी होत आहेत.