मंदिराची फरशी आणि क्लिप-पाचरीचा उपयोग

(जीर्णोद्धारानिमित्त ग्रामसभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की सर्वांची नजर प्रथम कळसाकडे जाते. फरशीकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु मंदिरात लहानथोर सगळेच अनवाणी येतात. मढीच्या यात्रेत किंवा मोहटादेवीच्या नवरात्रात गर्दीतल्या माणसाचे लक्ष पायाकडे नसते, ते गाभाऱ्याकडे असते. अशा वेळी दोन फरश्यांमध्ये नाण्याच्या जाडीइतका फरक असला तरी म्हाताऱ्या माणसाचा अंगठा फुटतो. कोणी लोटांगण घालीत असेल तर कोपरे, गुडघे खरचटतात.

याच जिल्ह्यात चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी देशभर मंदिरे व घाट बांधविले. ती कामे दगडी होती. दगड बसविल्यावर एखादी कड वर राहिली तर पाथरवट ती टाकीने उतरवीत असे. पुढे मोझॅकच्या लाद्या आल्या. त्या बसवून झाल्यावर मशिनने घासल्या जात व उंचसखलपणा निघून जाई. आजच्या व्हिट्रिफाइड टाइलचे तसे नाही. ती घासली तर वरची नक्षी व चकाकी जाते. म्हणून जे काही सरळ करायचे ते खालचा मसाला ओला आहे तोवरच केले पाहिजे. प्लॅस्टिकची क्लिप आणि पाचर यांचा उपयोग इथेच होतो.

कामाची रीत सोपी आहे. क्लिपचा चपटा तळ शेजारच्या दोन्ही टाइलांच्या कडेखाली जातो व तिची पातळ दांडी सांध्यातून वर येते. दांडीच्या खिडकीत पाचर सरकवली की दोन्ही कडा वरून दाबल्या जाऊन एका पातळीत येतात. क्लिप कोपऱ्यापासून सुमारे दोन इंचांवर लावावी. दुसऱ्या दिवशी, म्हणजे निदान चोवीस तासांनी, सांध्याच्याच दिशेने रबरी हातोडीने टोला द्यावा. दांडी तुटते आणि तळ खालीच राहतो. आडवा टोला दिला तर टाइलची कड उडते. पाचरी पुन्हा वापरता येतात, क्लिपा येत नाहीत.

हिशेब असा. सभामंडप ३० × ४० फूट धरला तर १२०० चौरस फूट होतात. दोन फुटी चौरस टाइल ३०० लागतील. एका बाजूला दोन क्लिपा धरल्या आणि त्या शेजारच्या टाइलशी सामाईक असल्याने टाइलमागे चार पडतात, म्हणून एकूण सुमारे १२०० क्लिपा. पाचरी मात्र दोन दिवसांच्या कामापुरत्या असल्या तरी भागते.

तथापि एक गैरसमज दूर झाला पाहिजे. क्लिप ही पाणसळ नव्हे. खालचा कोबा उंचसखल असेल तर क्लिप तो सरळ करीत नाही. कोबा दोरी आणि लेव्हल पाइप लावून आधीच सरळ करून घ्यावा. मसाला टाइलखाली पूर्ण भरलेला असावा. पाचर जोर लावून ठोकली तर खाली गेलेली टाइल वर उचलली जाते, तिच्याखाली पोकळी राहते आणि पुढे समईसारखे जड काही पडले की ती तडकते. वाळू-सिमेंटच्या जाड थरावर टाइल बसविल्यास थर वाळताना ती खचू शकते, त्यामुळे क्लिपचा खरा फायदा अ‍ॅडेसिव्हच्या पातळ थरावरच मिळतो. लांब टाइल मध्यभागी किंचित फुगीर असते. म्हणून विटांसारखी अर्ध्यावर सांधा मोड करू नये, एक तृतीयांशावर करावी.

उघड्या प्रदक्षिणामार्गावर तर पातळी सपाट ठेवूच नये. पाणी वाहून जाण्यासाठी दर दहा फुटांस सुमारे सव्वा इंच उतार द्यावा. तेथे चकाकीची टाइल न लावता खरखरीत लावावी, कारण ओल्या पायाने माणूस घसरतो.

पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मंदिराच्या वर्गणीत त्यांच्या कोयत्याची कमाई आहे. ते निघण्यापूर्वी काम उरकावे ही इच्छा रास्तच आहे. परंतु त्या घाईत क्लिपा संध्याकाळीच तोडल्या, किंवा खर्च वाचवायचा म्हणून आणल्याच नाहीत, तर ती बचत ठरत नाही. उखडलेली फरशी पुन्हा बसवायची तर वर्गणी पुन्हा त्यांच्याकडेच मागावी लागेल.

म्हणून विश्वस्तांनी गवंड्याला एक दिवस जास्तीचा द्यावा. काम पुरे झाल्यावर बिल चुकते करण्यापूर्वी गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या आजीबाईंना अनवाणी एक प्रदक्षिणा घालण्यास सांगावे. त्यांच्या पायाला कुठे कड लागली नाही तर काम पास समजावे.