उभे राहण्याचे अवधान

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीपासून उभी आहे. तिच्या पायाशी कोरलेल्या मराठी अक्षरांमुळे मराठी माणसाला ती विशेष जवळची वाटते. परंपरा सांगते की, बाहुबली वर्षभर एकाच जागी उभे राहिले. पायाशी वारुळे वाढली, अंगावर वेली चढल्या, तरी ते ढळले नाहीत. शिल्पकाराने ती निश्चलता पाषाणात उतरविली, आणि पाषाणाला ती शोभतेही. सामान्य माणसाच्या देहाला मात्र, तो कितीही निरोगी असो, क्षणभरही संपूर्ण निश्चल उभे राहता येत नाही.

स्वस्थ उभा असलेला माणूस वस्तुतः सतत झुलत असतो. हे झुलणे काही मिलिमीटरांचेच असल्यामुळे डोळ्यांना जाणवत नाही. परंतु पावलांचा दाब मोजणाऱ्या फळीवर त्याला उभे केले, की त्याची नागमोडी रेघ स्पष्ट उमटते. कारण उघड आहे. एवढा उंच देह दोन पावलांच्या चिंचोळ्या पायावर तोललेला असतो, आणि त्याचा भार घोट्यांच्या किंचित पुढे पडत असतो. पोटरीच्या स्नायूंनी क्षणोक्षणी मागे ओढून धरले नाही, तर तो पुढे कलंडावयाचा. हा तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वर्दी मिळते: डोळ्यांकडून, कानाच्या अंतर्भागातील तोलेंद्रियाकडून आणि पावले, सांधे व स्नायू यांच्याकडून. पायांकडून येणारी वर्दी तुटलेला रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतो, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य रोम्बर्ग यांनी नोंदविले. त्यांच्या नावाची ती परीक्षा डॉक्टर आजही घेतात.

हा सारा व्यवहार खालच्या पातळीवर, आपोआप चालतो. मनाला त्याची तोशीस लागत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिला धक्का देणारा एक साधा प्रयोग १९८५ साली केर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्यांना एका पावलामागे दुसरे लावून उभे केले. त्याच वेळी त्यांना स्मरणाची कामे दिली. एका कामात मनातल्या मनात चौकटी कल्पून, उजवीकडच्या घरात अमुक आकडा, खालच्या घरात तमुक आकडा, असे ध्यानात ठेवावयाचे होते. दुसऱ्या कामात केवळ शब्दांचे स्मरण होते, जागेचा संबंध नव्हता. बसून केलेल्या कामाशी तुलना करता असे दिसले की, उभे असताना चौकटींच्या कामात चुका वाढल्या. शब्दांच्या कामात वाढल्या नाहीत. तोल मात्र कोणत्याच कामामुळे विशेष बिघडला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मार्मिक आहे. देह अवकाशात कोठे आहे हे सांभाळणारी आणि कल्पनेतील घरे मांडणारी शक्ती काही अंशी एकच असली पाहिजे. दोघांनी ती एकाच वेळी मागितली, तेव्हा तोलाने आपला वाटा आधी घेतला आणि तूट स्मरणाच्या खाती पडली. सरकारी अंदाजपत्रकात काही खर्च ‘भारित’ असतो. त्यावर विधिमंडळात मत घेतले जात नाही, तो आधी बाजूला काढून ठेवावा लागतो. निरोगी माणसाच्या अवधानाच्या खजिन्यातील उभे राहण्याचा खर्च बहुधा याच जातीचा आहे.

मग प्रत्येक विचाराने तोल ढळतो काय? तसेही नाही. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २००६ साली तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांची पाहणी प्रसिद्ध केली. नुसते उभे राहण्यापेक्षा, उभे असताना एखादे हलके काम मनाला दिले, तर झुलणे उलट कमी झाले. काम जड होत गेले, तसे वृद्धांचे झुलणे पुन्हा वाढले. काठोकाठ भरलेला पेला नेणाऱ्या मुलाला ‘सांभाळ, सांडेल’ असे बजावले, की तो हमखास हिंदकळतो, हा घरोघरचा अनुभव आहे. जे शरीर स्वतः जाणते, त्यावर मनाने डोळे वटारून बसू नये. आणि मनाने आपल्याच गुंत्यात इतके बुडूही नये, की शरीराला मदत मिळेनाशी व्हावी. या दोहोंच्या मध्ये स्थैर्य आहे.

येथे एक सावधगिरी हवी. मोठ्याने आकडे मोजताना माणूस अधिक झुलतो, म्हणून दोष लगेच विचाराला देता येत नाही. ल्यूसी यार्डली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले की, अशा वेळी वाढलेले झुलणे मनाच्या श्रमामुळे नव्हे, तर बोलण्याच्या क्रियेमुळे होते. बोलताना श्वासाची लय बदलते, छाती हलते, आणि तो धक्का पावलांपर्यंत पोहोचतो.

निरोगी प्रौढाच्या बाबतीत हे सारे फरक लहान आहेत. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने हिशेब करणारा कारकून काही पडत नाही. त्याच्या गाठीला शिल्लक मोठी असते. पण वयाबरोबर दृष्टी मंदावते, पावलांची जाणीव बोथट होते, स्नायू उशिरा हुकूम मानतात. पूर्वी जे फुकट मिळत होते, त्यासाठी आता अवधान मोजावे लागते. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांनी १९९७ साली वृद्धनिवासातील ५८ जणांबरोबर चालता चालता संभाषण सुरू केले. बोलण्यासाठी १२ जण थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कधी ना कधी पडले. जे बोलता बोलता चालत राहिले, त्यांच्यात पडणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच कमी होते. थांबणे हे पडण्याचे कारण नव्हते. शिल्लक संपत आल्याची ती खूण होती.

घरातील वडीलधारे गृहस्थ जिना उतरताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी कठडा धरून थांबतात, आणि मागून येणारा नातू चुळबुळ करतो. वास्तविक आजोबा त्या क्षणी दोन कामांपैकी एकच निवडतात, आणि निवडतात ते शहाणपणाने. त्यांना थांबू द्यावे. ओल्या न्हाणीघराच्या दारातून ‘किल्ल्या कोठे ठेवल्या?’ असे ओरडून विचारू नये. किल्ल्यांचे पुढे पाहता येते. ओल्या फरशीवर मोडलेले हाड तितक्या सहजी जुळत नाही. आणि ज्याची शिल्लक भरपूर आहे अशा तरुणानेही, हातातील दूरध्वनीच्या पडद्यात डोळे घालून बसच्या पायरीवर पाऊल टाकण्यापूर्वी, आपण दोन कामे एकाच खजिन्यातून करीत आहोत, एवढे लक्षात ठेवावे.