रॉड कोणत्या सॉकेटला लावायचा?

थंडी पडली की पाणी तापवायचा रॉड माळ्यावरून खाली येतो. त्यावर बहुतेक 1500 वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा वाचायचा.

श्रीरामपूर-राहुरीकडच्या बायांना आठवत असेल, 2011पर्यंत तिकडं मुळा-प्रवरा सोसायटीची वीज होती, मग महावितरण आलं. वीज देणारं बदललं, पण घरातलं व्होल्टेज तेच, 230. व्होल्ट म्हणजे टाकीच्या उंचीमुळं येणारा पाण्याचा दाब. अँपिअर म्हणजे नळातून वाहणारी धार. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट.

आता 1500ला 230नं भागा. साडेसहा येतात. म्हणजे रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, आणि टीव्ही-पंख्याचं लहान सॉकेट असतं 6 अँपिअरचं! मग ते तापतं, काळं पडतं, जळका वास येतो. रॉडला 16 अँपिअरचं मोठं सॉकेट आणि जाड वायरच हवी. मधे जोडपिन घालून भागवणं म्हणजे आग पदरात घेणं.

बचत गटाच्या गिरणीचं वेगळं. व्होल्टेज पडलं की रॉड नुसता हळू तापवतो. मोटार मात्र तेवढंच दळायला जादा अँपिअर ओढते, गुरगुरते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. दिवे मंद दिसले की दळण थांबवा, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

आणि हो, पाणी तापलं का बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही.