गळ्यातली नळी आणि चार्टवरचा कोड

मेडिकल कोडिंगमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आपल्यापैकी बरेच जण पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट कोड करतात. रुग्ण आपल्याला कधीच दिसत नाही. आज मी ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णाबद्दल बोलणार आहे, कारण त्याच्या चार्टवर राहून गेलेली एक ओळ त्याच्या श्वासाशी येऊन भिडते.

मोठे कोड आपण चुकवत नाही. व्हेंटिलेटरचे ९६ तास ओलांडले का, हे आपण मिनिटांचा हिशेब ठेवून तपासतो, कारण डीआरजी ३ आणि ४ त्यावर अवलंबून असतात. सुटतो तो झेड ९३.०, म्हणजे ‘ट्रॅकिओस्टॉमी आहे’ एवढंच सांगणारा कोड. मेडिकेअरच्या जोखीमगणनेत तो धरला जातो, म्हणून तिथे तो आवर्जून शोधतात. पण पायाला गळू झालं म्हणून दाखल झालेल्या रुग्णाच्या चार्टवर तो घाईत राहून जातो. अशा स्थितीचा उपचारांवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच हे कोड ठेवले आहेत, असं नियमावलीच सांगते.

आता खाटेपाशी या. नळीच्या आतली बारीक नळी नर्स काढते, तेव्हा तिच्या कडेला वाळलेला कफ चिकटलेला दिसतो. नाकातून जाणारी हवा ओलसर आणि कोमट होते. गळ्यातल्या भोकातून थेट आत जाणाऱ्या हवेला ती सोय नसते, म्हणून कफ घट्ट होतो आणि नळी बुजते. सक्शनचा कॅथेटर आत घालून १०-१५ सेकंदांत बाहेर काढायचा असतो. नळीभोवतीचा फुगा २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात ठेवायचा. जास्त दाबाने श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. बोलण्याची झडप लावायची तर आधी फुगा रिकामा केलाच पाहिजे, नाहीतर श्वास आत जातो आणि बाहेर पडायला वाट उरत नाही.

आणि सगळ्यात मोठा फरक. ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या अनेकांचा नाकातोंडाचा मार्ग शाबूत असतो. कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाचा तो मार्ग कायमचा बंद झालेला असतो. गळ्यावरचं भोक दोघांचं सारखंच दिसतं. दुसऱ्याच्या नुसत्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावला, तर फुप्फुसांपर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये पहिल्याच्या उशाशी हिरवी आणि दुसऱ्याच्या उशाशी लाल पाटी लावायची पद्धत रूढ झाली. आपल्या कोडिंगमध्ये त्या लाल पाटीचं काम झेड ९०.०२ करतो. चार्टमध्ये ‘टोटल लॅरिंजेक्टॉमी’ लिहिलं असताना नुसत्या झेड ९३.०वर थांबणं मला मान्य नाही.

नळी बदलण्याचा सीपीटी ३१५०२ घ्या. मार्ग पक्का होण्यापूर्वी नळी बदलली, तरच तो लागतो. नंतरचा बदल तपासणीच्या भेटीतच धरला जातो. पहिल्या आठवडाभरात निसटलेली नळी परत घालताना ती भलत्याच जागी शिरू शकते, आणि तो धोका नियमातही उतरला आहे. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख शोधल्याशिवाय हा कोड लावू नका. तसंच त्या भोकाच्या गुंतागुंतींचे कोड वेगवेगळे आहेत: रक्तस्राव जे ९५.०१, संसर्ग जे ९५.०२, बिघाड जे ९५.०३. नोंद मोघम असेल तर डॉक्टरांना क्वेरी पाठवा. उत्पादकतेचा आकडा दोन चार्टांनी घसरला तरी चालेल.

आणि हे फक्त अमेरिकेतल्या चार्टांपुरतं नाही. महाराष्ट्रातही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण कमी नाहीत. विमा दाव्याच्या फॉर्मवर आयसीडी-१०चे रकाने आहेत, पण डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा नुसतं ‘ट्रॅकिओस्टॉमी केली’ एवढंच असतं; नळीचा प्रकार नाही, साइझ नाही, पुढची बदलण्याची तारीख नाही. रात्री गावच्या दवाखान्यात नळी बुजली, तर तिथल्या डॉक्टरांच्या हाती तेवढाच कागद असतो.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. पुढच्या प्रशिक्षणवर्गापासून प्रत्येक नव्या कोडरला एक दिवस कान-नाक-घसा वॉर्डात, नर्सच्या शेजारी उभं करा. त्याचा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मांडावा. सूचक म्हणून माझं नाव घाला.