दुबईचें वाळवंट आणि बारामतीचा माळ

पाण्याचें दुर्भिक्ष ज्यानें जन्मभर पाहिलें, त्यानें पदरचे पैसे मोडून वाळवंट पाहावयास जावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं थोडी हास्यास्पद वाटते. तथापि पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतून असे प्रवासी आज दरवर्षीं निघत असतात. मुलगा किंवा जांवई आखाती देशांत नोकरीस असतो. हिवाळा आला कीं तो महिनाभरासाठीं आईबापांना बोलावून घेतो. जळोची हें बारामतीला लागून असलेलें गांव. आतां तर तें शहराच्याच हद्दींत आलें आहे. तेथील एक वृद्ध शेतकरी दांपत्य अशाच एका डिसेंबरांत दुबईस गेलें. त्यांनीं पाहिलेल्या एका दिवसाची हकीकत आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रवासांत एक घरगुती प्रश्नहि गुंतलेला होता. या कुटुंबाची गांवापासून दूर, जिरायत पट्ट्यांत, बारा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. त्यांतील चार एकरांत कशीबशी ज्वारी-बाजरी होते. उरलेला आठ एकर निव्वळ माळ: कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि बांधावर सौंदडाचीं दोन जुनीं झाडें. प्लॉट पाडून विकणाऱ्या एका गृहस्थानें त्या माळाला चांगली किंमत देऊं केली होती. "पडीक जमीन ठेवून करायचं काय?" असें मुलगा दूरध्वनीवरून वारंवार विचारी. वडिलांना उत्तर सुचत नव्हतें, आणि होकारहि देववत नव्हता. समोरासमोर बसून काय तें ठरवूं, असें म्हणून ते विमानांत बसले.

दुबईचें वर्णन करण्यापूर्वीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. त्या किनाऱ्याचा आणि मुंबईचा संबंध आजकालचा नाहीं. १८१९ सालच्या अखेरीस मुंबईहून गेलेल्या इंग्रजी फौजेनें तेथें स्वारी केली आणि १८२० सालीं तेथील शेखांशीं तह झाला. १८७३ पर्यंत आखातांतील इंग्रज रेसिडेंट मुंबई सरकारच्या हुकमतींत असे. दुबईचे पाणबुडे समुद्राच्या तळांतून जे मोती काढीत, त्यांचा मोठा बाजार मुंबईस भरे. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानांत शेतीप्रमाणें पिकविलेले मोती यांनीं तो धंदा बुडविला. चलन म्हणाल तर तेथें आपलाच रुपया चाले. रिझर्व्ह बँकेनें १९५९ सालीं आखातासाठीं वेगळा रुपया काढला. १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन झालें तेव्हां दुबईनें तो सोडला. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बालपणीं जळोचीच्या आणि दुबईच्या बाजारांत एकच रुपया चालत होता. त्याच १९६६ सालीं दुबईच्या समुद्रांत तेल सांपडलें, २ डिसेंबर १९७१ रोजीं अमिरातींचा संघ स्थापन झाला, आणि पुढील पन्नास वर्षांत तें कोळ्यांचें व मोतीवाल्यांचें गांव जगांतील लोक पाहावयास जातात असें नगर बनलें.

दिवसाचा आरंभ खाडीपासून झाला. समुद्राचा एक फांटा जमिनींत शिरून शहराचे दोन भाग करतो. एका कांठीं बर दुबई व दुसऱ्या कांठीं देरा. या कांठावरून त्या कांठाला 'अब्रा' नांवाच्या लहान होड्या माणसें नेतात. बर दुबईच्या बाजूस १७८७ सालचा किल्ला आहे. शहरांतील ही सर्वांत जुनी वास्तु समजतात. त्याच्या जवळच इराणच्या बस्तक प्रांतांतून आलेल्या व्यापाऱ्यांची जुनी वस्ती राखून ठेवली आहे. समुद्रांतील प्रवाळाचा दगड आणि चुनखडी यांच्या जाड भिंती, अरुंद बोळ, आणि प्रत्येक वाड्यावर चौकोनी बुरुजासारखें उंच वातायन. चारी दिशांचा वारा या वातायनांत अडतो व खालच्या खोलींत उतरतो. विजेचा पंखा येण्यापूर्वीं अशा वाऱ्यावर तेथील उन्हाळे निभत. भिंतीला हात लावून आई म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या धाब्याच्या घरासारखं गार आहे." बारामती-इंदापूरकडे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचीं धाब्याचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना या उद्गाराचें मर्म कळेल. उन्हाचा जाच सोसणाऱ्या माणसांनीं, एकमेकांना न पाहतां, सारखाच विचार केला होता.

देऱ्याच्या बाजारांत केशर, लवंग, वेलदोडे व वाळविलेलीं काळीं लिंबें यांच्या राशी होत्या आणि पलीकडच्या गल्लींत सोन्याचे गळसर कांचेमागें लोंबत होते. तेथें फार वेळ न घालवितां मंडळी मध्यान्हीं बुर्ज खलिफा या मनोऱ्यापाशीं आली. ४ जानेवारी २०१० रोजीं खुला झालेला हा मनोरा ८२८ मीटर उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे. म्हणजे माणसानें वाळूवर अर्धी कळसूबाई उभी केली, असें म्हणावयास हरकत नाहीं. बांधकाम चालूं असतां उन्हाळ्यांत काँक्रीट रात्रीं ओतीत आणि त्यांत बर्फ मिसळीत, नाहीं तर उष्म्यानें तें बिघडलें असतें. तें ओतणारे हात बहुतांशीं परदेशांतून पोटासाठीं आलेल्या मजुरांचे होते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत भर दुपारीं उघड्यावर मजुरांकडून काम घेण्यास तेथें आतां कायद्यानें बंदी आहे. उंचीच्या आंकड्याबरोबर या बंदीचीहि आठवण प्रवाशानें ठेवावी.

वरच्या गच्चीवरून एका अंगास निळा समुद्र, दुसऱ्या अंगास क्षितिजापर्यंत वाळू आणि मध्यें हिरवळीचे व तळ्यांचे तुकडे दिसतात. वडिलांनीं मुलास विचारलें, "एवढं पाणी येतं कुठून?" मुलानें समुद्राकडे बोट दाखविलें. दुबईचें पिण्याचें पाणी जवळजवळ सर्वच समुद्राचें आहे. जेबेल अली येथील प्रचंड कारखान्यांत त्यांतील मीठ काढून तें गोडें करतात, आणि त्यासाठीं रात्रंदिवस इंधन जळत असतें. तेथें वर्षाकाठीं सरासरी शंभर मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं. क्वचित् निसर्ग याचा वचपा काढतो: १६ एप्रिल २०२४ रोजीं एका दिवसांत वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस कोसळला आणि तें श्रीमंत शहर पाण्यांत उभें राहिलें. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं झाला. तेव्हांपासून बारामतीचा एक भाग उसानें हिरवा झाला आणि दुसरा भाग कोरडाच राहिला. या दुसऱ्या भागांत टँकरची वाट पाहण्यांत ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांना पाण्याची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं मोटार वाळवंटाकडे निघाली. हत्तेच्या रस्त्यावर लहबाब म्हणून ठिकाण आहे; तेथील वाळू लोहाच्या अंशामुळें तांबूस दिसते. डांबरी रस्ता संपतांच चालक खालीं उतरला आणि चारी चाकांतील हवा सोडूं लागला. तो पेशावरकडचा पठाण होता व हिंदी चांगलें बोले. रस्त्यावर चौरस इंचास सुमारें ३५ पौंड असलेला दाब त्यानें १५ पर्यंत आणला. हवा कमी झाली कीं चाक पसरतें, त्याचा भार अधिक वाळूवर वांटला जातो आणि तें रुतत नाहीं. उंटाच्या रुंद, मऊ तळव्याची हीच युक्ति आहे. माणसानें ती रबरांत उतरविली इतकेंच.

वाळूच्या टेकडीला दोन अंगें असतात. वाऱ्याकडील चढण सौम्य व घट्ट असते. आडोशाची उतरण तीव्र व भुसभुशीत. या उतरणीचा कोन सुमारें ३४ अंशांचा असतो. त्याहून अधिक झाला कीं वाळू आपण होऊन घसरूं लागते. चालक सौम्य बाजूनें वेगानें चढे, माथ्यावर क्षणभर मंद होई, कारण पलीकडे काय आहे तें दिसत नसतें, आणि मग सरळ नाकासमोर खालीं उतरे. तिरपें उतरल्यास मोटार कलंडण्याची भीति असते. आईंनीं डोळे मिटून विठ्ठलाचें नांव घेतलें. वडील पुढच्या आसनावर घट्ट धरून बसले होते. परंतु त्यांची नजर खेळाकडे नव्हती, जमिनीकडे होती. साऱ्या टेकड्यांवर चाकांच्या खुणा एकमेकींत गुंतल्या होत्या आणि त्या वाटांवर गवताचीं खुरटीं बेटें चिरडून वाळून गेलीं होतीं.

सूर्यास्ताच्या सुमारास मोटार एका झाडाखालीं थांबली. आसपास दुसरें झाड नव्हतें. आई उतरल्या, फांदी निरखून पाहूं लागल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आपली सौंदड!"

"इथं वाळूत सौंदड कशी येईल?"

"पान बघा की, काटा बघा. दर दसऱ्याला हिचीच पूजा करते मी."

चालकानें त्या झाडाचें नांव 'घाफ' सांगितलें. आईंचें म्हणणें खरें होतें. अरबांचा घाफ, राजस्थानची खेजडी आणि आपली शमी किंवा सौंदड हा एकच वृक्ष होय. पांडवांनीं अज्ञातवासांत शस्त्रें ठेवलीं तीं याच झाडावर, अशी आपली कथा. जोधपूरजवळील खेजडली गांवीं १७३० सालीं हीं झाडें वांचविण्यासाठीं ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले, असें सांगतात. याचीं मुळें तीस मीटरपर्यंत खोल जातात. म्हणून पाऊस नसतांहि तें हिरवें राहतें, उंटांना पाला देतें व माणसांना सावली. अमिरातींनीं २००८ सालीं त्याला राष्ट्रवृक्ष ठरविलें. आईंनीं झाडाला हात जोडले. पान मात्र तोडलें नाहीं.

परत येतांना मुलानें आणखी एक हकीकत सांगितली. याच दुबईनें २००३ सालीं २२५ चौरस किलोमीटर वाळवंट राखीव केलें. त्याला कुंपण आहे. आंत मोटारींना ठराविक भागांतच मुभा आहे. अरबस्तानचा लांब, सरळ शिंगांचा पांढरा ऑरिक्स हा प्राणी १९७२ सालीं मोकळ्या रानांतून शिकारीमुळें नाहींसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेल्या जनावरांपासून त्याचा वंश पुन्हां रानांत सोडण्यांत आला, आणि आज तो या कुंपणाआड निर्धास्त चरतो. त्याच्या सोबतीला लहान चणीचीं हरणें आहेत.

"वाळूला कुंपण?" वडिलांनीं विचारलें.

"होय, आण्णा. आत हरणं आहेत ना."

"हरणं तर आपल्या माळावरही येतात."

यावर मुलगा गप्प राहिला.

श्रोतेहो, वडील बोलले तें अक्षरशः खरें आहे. बारामती तालुक्यांत सुपें येथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झालें. तें अवघें पांच चौरस किलोमीटरांचें असून मुख्यतः चिंकारा हरणासाठीं राखलें आहे. हा चिंकारा व अरबस्तानचीं तीं हरणें एकाच कुळांतलीं. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या माळावर लांडगा, खोकड व चिंकारा आजहि आढळतात, आणि २०२४ सालीं वनविभागानें कडबनवाडी व शिर्सुफळ येथें प्रवाशांना गवताळ माळ दाखविण्याची सोयहि केली. तरी सरकारी नकाशांत असल्या भूमीची गणना फार काळ पडीक म्हणूनच होत आली. कोणी तिच्यावर नको तीं झाडें लावलीं, कोणी नांगर घातला, कोणी प्लॉट पाडले. वेडी बाभूळ तर न बोलावतां आली. या माळाच्या गवतावर धनगरांची मेंढरें जगतात, त्याच्या मुळांशीं पावसाचें थोडें पाणी मुरतें, हा जमाखर्च कोठेंहि मांडलेला दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, गरीब शेतकऱ्यानें हरणांसाठीं किंमत सोडावी काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. दुबईपाशीं वाळवंट अपार आहे आणि पैसाहि आहे. आठ एकरवाल्यापाशीं दोन्ही नाहींत. मुलानेंहि त्या रात्रीं हेंच विचारलें आणि त्याचें विचारणें रास्त होतें. वडिलांनीं त्याला आंकडे मागितले: माळाचें गवत दरवर्षीं मेंढपाळाला दिलें तर काय येईल, माळ गेल्यावर खालच्या चार एकरांच्या विहिरीचें काय होईल, बोरी-बाभळींचें जळण विकत घ्यावें लागलें तर किती पडेल. मुलगा हिशेबांत हुषार. परंतु यांतील एकहि आंकडा त्याच्यापाशीं नव्हता, कारण विकावयाच्या वस्तूखेरीज त्या माळाकडे कधीं कोणी पाहिलेंच नव्हतें. शेवटीं एवढेंच ठरलें कीं, येत्या दसऱ्यास मुलानें घरीं यावें, दोघांनीं मिळून तो आठ एकर पायीं फिरून पाहावा आणि मगच व्यापाऱ्याला उत्तर द्यावें.

उत्तर काय दिलें जाईल, तें त्या कुटुंबाचें आहे. परंतु बारामती-इंदापूरकडील ज्या ज्या घरांत असा व्यवहार आज बोलण्यांत आहे, त्यांनीं हिशेबाचा हा दुसरा रकाना भरल्यावांचून सही करूं नये. उरलें-सुरलें राखण्याकरितां कुंपण घालण्याचा खर्च दुबईला झेपला. आपणांस तो झेपणार नाहीं.