शनीचें कडें आणि साडेसाती
(मढ येथील कोळीवाड्यांत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)

2025 च्या डिसेंबरांत आम्हीं मढच्या धक्क्यावर लहानशी दुर्बीण मांडून मुलांना शनि दाखविला. कडें दाखवूं असें वचन दिलें होतें, पण पहिलाच मुलगा म्हणाला, “गुरुजी, कडें कुठें आहे? गोळ्यांतून सुई आरपार गेल्यासारखी दिसते.”

मुलगा खरें बोलला. शनि सुमारें साडेएकोणतीस वर्षांत सूर्याभोंवतीं एक फेरी करतो. तेवढ्यांत दोनदां त्याचें कडें, डोळ्यांसमोर आडव्या धरलेल्या परातीप्रमाणें, आपणांस नुसतें रेघेएवढें दिसतें. 2025 च्या मार्चांत तसें झालें, नोव्हेंबरांत पुन्हां जवळजवळ तसेंच. 1612 सालीं गॅलिलिओहि असाच चकला होता. उलगडा हायगेन्सनें 1659 सालीं छापला. कडें अखंड नव्हे; बर्फाच्या असंख्य तुकड्यांचें आहे. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी कित्येक ठिकाणीं दोनचार माडांहून अधिक नाहीं.

त्या रात्रीं एक मावशी आल्या, पण डोळा लावीनात. “गुरुजी, त्याची दृष्ट वाईट. पोराला साडेसाती आहे. शांतीसाठीं कानांतलें गहाण टाकलें.”

आम्हीं विचारलें, “मावशी, शनि मीनेंत, म्हणून कुंभ, मीन, मेष या तिन्ही राशींना साडेसाती. बारांत तीन, म्हणजे चार माणसांत एक, आणि हें सदासर्वकाळ! तुमच्या होडीवर खलाशी किती राशींचे?”

“असतील पांचसहा.”

“जाळें एक, उधाण एक, मासळी एक. मग शनीनें वाटणी कशी केली?”

मावशी हंसल्या आणि वांकल्या. जो उजेड त्यांच्या डोळ्यांत शिरला, तो शनीपासून निघून सव्वा तासाहून अधिक झाला होता. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “एवढासा दिवा! ह्याच्यासाठीं मीं कानांतलें घालविलें?”

बंधुभगिनींनो, शनीनें त्यांचें कांहीं नेलें नाहीं. नेलें तें माणसानें, आणि तें आमच्या अज्ञानाच्या वाटेनें. म्हणून मागणें एकच: पुढल्या शांतीचा पैसा शाळेच्या दुर्बिणीस द्या. कडें आतां वर्षानुवर्षें उघडत जाईल आणि 2032 च्या सुमारास पुरतें दिसेल. तोंवर आमचीं मुलें मोठीं होतील. तीं आकाशाकडे भीतीनें पाहणार कीं डोळे उघडून, हें आपण ठरवावयाचें आहे.