बोटांना कळेल असं बटण



२० डिसेंबर १९५६ रोजी इथे, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याआधी थोडेच दिवस वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलं. म्हणूनच बाबा समोरच्या माणसांना कसे प्रश्न विचारत आणि त्यांच्याकडूनच उत्तर कसं वदवून घेत, हे आज आपण त्यांच्याच आवाजात ऐकू शकतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं काम इतकं मोलाचं आहे. ते दृष्टिहीन माणसाला जमेल का, असं मला नेहमी विचारतात. जमतं, आणि उत्तम जमतं. अडचण असते ती यंत्राच्या घडणीत.

माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि शंभराहून अधिक ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेतले. ऐकून शिकणं वऱ्हाडाला परकं नाही. महाराजांना मात्र वाचणारा माणूस शेजारी लागे. आज ते काम स्क्रीन रीडर करतो. संगणकाच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं, ते तो बोलून दाखवतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ च्या सुमारास ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर उभा केला. तो फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो.

पण ध्वनिसंपादनाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरपुढे तोही मुका होतो. कारण साधं आहे. अशा सॉफ्टवेअरमधली बटणं, पट्ट्या आणि आवाजाच्या लाटा ही नुसती चित्रं असतात. चित्रामागे नाव लिहिलेलं नसेल तर वाचणार काय? त्याच जेम्स टेह यांनी ‘रीपर’ या सॉफ्टवेअरसाठी ‘ओसारा’ नावाची जोड तयार केली. आता बाण दाबत खाली गेलं की ‘पेटी’, ‘पखवाज’, ‘टाळ’ अशी आपणच ट्रॅकना दिलेली नावं ऐकू येतात. भजनाच्या मध्येच कुणी खोकलं, तर त्याच्या आधी थांबून ‘एस’ दाबायचं, खोकला संपला की पुन्हा ‘एस’ दाबायचं आणि मधला तुकडा काढून टाकायचा. माऊसला हात लावायची गरज नाही. आवाज मर्यादेबाहेर गेला की डोळस माणसाला लाल दिवा दिसतो. इथे तीच सूचना बोलून मिळते.

एक खरी अडचण राहते, आणि ती शिकवणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. वाद्य आणि स्क्रीन रीडर दोघांनाही कान एकच. तानपुरा ऐकताना मध्येच ‘ट्रॅक तीन’ असं कानात बोललं तर सूर कसा पारखणार? म्हणून संगीत एका साउंड कार्डातून आणि स्क्रीन रीडरचं बोलणं दुसऱ्यातून घ्यायचं, एका कानाच्या छोट्या इअरफोनवर. मोठ्याने लावलं तर तेच बोलणं माईकमध्ये शिरतं. हे सगळं सरावाने बसतं. जलद बोलणारा स्क्रीन रीडर रोज ऐकणारा माणूस हे दोन प्रवाह सहज वेगळे करतो.

आता हाताखालच्या यंत्राकडे वळू. जुन्या मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे सरकते दांडे, एका ओळीत असत. त्यांवरून तळहात फिरवला की कोणता वर, कोणता खाली हे लगेच कळे, आणि नॉब मध्यावर आला की बोटाला खटका जाणवे. पुढे गोल गोल फिरतच राहणारे नॉब आले, मग गुळगुळीत काच आली. काचेवर बोटाला काही सापडत नाही. याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण दुसरी वाटही आहे. ‘नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स’च्या काही कीबोर्डांचा नॉब नुसता शिवला तरी त्याचं नाव ऐकू येतं. ‘एबलटन लाइव्ह’ने २०२४ च्या बाराव्या आवृत्तीत स्क्रीन रीडरची सोय केली. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. आपल्याकडे तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधनं सर्वांना वापरता येतील अशी उपलब्ध व्हावीत, असं म्हटलं आहे.

गावोगावी दृष्टिहीन कलावंतांचे कार्यक्रम होतात. गाणं संपलं की आपण टाळ्या वाजवतो, शाल देतो. मिक्सरवर मात्र त्यांना बसू देत नाही. ज्याने आयुष्यभर कानावर विसंबून जग ओळखलं, त्याचा कान आपण फक्त गाण्यापुरता वापरतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

म्हणून माझं मागणं थोडंच आहे. भजनी मंडळासाठी नवा मिक्सर घ्याल तेव्हा दुकानातच डोळे मिटून त्यावर हात फिरवा आणि आवाज कमी-जास्त करून पाहा. जमलं नाही तर दुसरा दाखवायला सांगा. जुन्या मिक्सरच्या महत्त्वाच्या बटणांवर टिकल्या चिकटवा, खर्च काहीच नाही. आणि या वर्षीच्या सप्ताहातली भजनं ध्वनिमुद्रित करायची असतील, तर अमरावतीच्या अंध विद्यालयात शिकलेला एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी शोधा, काम शिकायला वेळ द्या, आणि दुसऱ्या कुणाला दिले असते तेवढेच पैसे द्या.